गाडीतली बॅग कोणाच्या भरवशावर?

मे २०१७ मध्ये दुर्गच्या एका दांपत्याचे सामान अमरकंटक एक्स्प्रेसमधून रात्रीच्या वेळी चोरीला गेले. डबा आरक्षित होता आणि सामान साखळीने बांधलेले होते. आत रोख रक्कम आणि दागिने असल्याचे सांगून त्यांनी सुमारे ९ लाख ३० हजारांचा दावा लावला. २०२४ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने रेल्वेला सुमारे ४ लाख ७० हजार रुपये द्यायला लावले. त्याआधी, जानेवारी २०१३ मध्ये, नवी दिल्लीहून नागपूरला एसी थ्री-टियरने निघालेल्या एका प्रवाशाची पाठीवरची बॅग गेली होती. तीत लॅपटॉप, कॅमेरा, चष्मा, एटीएम कार्डे होती. तो ग्राहक आयोगांत हरला, दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि जुलै २०२५ मध्ये तिथेही हरला.

दोन्ही प्रवाशांनी तिकीट काढले होते, दोघांची जागा आरक्षित होती आणि दोघांचेही सामान स्वतःजवळच होते. मग एकाला भरपाई मिळाली आणि दुसऱ्याला नाही, हे कसे? त्याचे उत्तर बॅगेत काय होते किंवा कुलूप कसले होते यापेक्षा डब्याचे दार कोणी उघडे ठेवले या प्रश्नाशी अधिक जोडलेले आहे. प्रवासातल्या चोरीच्या चर्चेत सावधगिरीच्या सूचनांचा रतीब असतो. जबाबदारीबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही. भारतीय रेल्वेपुरता या वादाचा आज कुठवर निकाल लागला आहे, ते येथे पाहू.

पावती होती का?

१८९० च्या भारतीय रेल्वे अधिनियमाचा याबाबतचा हिशेब सोपा होता. रेल्वेच्या कर्मचाऱ्याने सामान नोंदवून पावती दिली असेल तरच रेल्वे जबाबदार. प्रवाशाने ट्रंक, वळकटी, फराळाचा डबा स्वतःजवळ ठेवला तर त्याची राखण त्यानेच करायची. त्या काळच्या प्रवासाला ते धरूनही होते. नोकराचाकरांसह निघणारा वरच्या वर्गातला प्रवासी आपली माणसे राखणीला ठेवी आणि तिसऱ्या वर्गातला प्रवासी आपल्या बोचक्यावरच बसून जाई.

१९६१ च्या दुरुस्तीने मालवाहतुकीचे चित्र बदलले. तोवर मालाची वाजवी काळजी घेतली की रेल्वेची सुटका होत असे. १९६२ पासून, ठरावीक अपवाद वगळता, मालाचे नुकसान झाले की रेल्वे जबाबदार, अशी स्थिती आली. प्रवाशाच्या हातातल्या सामानाला मात्र हा लाभ मिळाला नाही. आंब्याच्या पेट्या पाठवणाऱ्या व्यापाऱ्याची बाजू भक्कम झाली आणि त्याच गाडीने जाणारा प्रवासी होता तिथेच राहिला.

सध्या लागू असलेला १९८९ चा रेल्वे अधिनियम कलम १०० मध्ये दोन गोष्टी सांगतो. नोंदवलेल्या, पावती दिलेल्या सामानाची जबाबदारी रेल्वेवर आहे. प्रवाशाने स्वतःच्या ताब्यात ठेवलेले सामान गेले, तर रेल्वेचा किंवा तिच्या नोकराचा निष्काळजीपणा अथवा गैरवर्तन सिद्ध झाले पाहिजे. या कलमाची वाक्यरचना अशी आहे की रेल्वेचे वकील आजही म्हणतात, दोन्ही अटी एकदम पूर्ण व्हायला हव्यात. पावती नसेल तर पुढचे बोलणेच नको. ग्राहक आयोगांनी बहुधा हा अर्थ मानलेला नाही. हातातल्या सामानाची पावती कोणी देतच नाही. तेव्हा तसा अर्थ लावला तर कलमाचा दुसरा भाग निरर्थक ठरेल, हे त्यामागचे तर्कशास्त्र आहे आणि ते पटण्यासारखे आहे.

पावती घेतली तरी फार हाती लागते असे नाही. मूल्य जाहीर करून जादा आकार भरला नसेल, तर नोंदवलेल्या सामानाची भरपाई किलोमागे १०० रुपयांपर्यंतच. वीस किलोच्या बॅगेचे २,००० रुपये होतात, आणि हल्ली तेवढ्यात ती बॅगसुद्धा येत नाही. नोंदवलेला माल ज्या डब्यातून जातो, तोही पूर्ण सुरक्षित असतो असे नव्हे. ऑगस्ट २०१६ मध्ये सेलमहून चेन्नईला निघालेल्या गाडीतून रिझर्व्ह बँकेकडे ३४२ कोटी रुपये चालले होते आणि सोबत पोलिसांचा पहारा होता. चोरांनी डब्याच्या छताला भोक पाडून सुमारे ५ कोटी ७८ लाख रुपये पळवले.

रेल्वेचे म्हणणे

रेल्वेची बाजू अनेकदा बेपर्वाईची बाजू म्हणून रंगवली जाते. तसे करणे अन्यायाचे आहे. तिच्यात दम आहे.

पहिला मुद्दा ताब्याचा. बॅगेत काय आहे हे रेल्वेला ठाऊक नसते. ती कुठे ठेवायची, तिच्यापासून कधी दूर जायचे, शेजाऱ्याच्या भरवशावर ती सोडून चहाला उतरायचे का, हे प्रवासी ठरवतो. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये हाच मुद्दा उचलून धरला. एक कापड व्यापारी २००५ मध्ये काशी विश्वनाथ एक्स्प्रेसने दिल्लीला जात होता. कमरेच्या पट्ट्यात १ लाख रुपये होते. जाग आल्यावर पाहतो तो पैसे गायब. जिल्हा मंच, राज्य आयोग आणि राष्ट्रीय आयोग तिन्ही ठिकाणी तो जिंकला आणि अठरा वर्षांनी सर्वोच्च न्यायालयात हरला. प्रवाशाला स्वतःच्या अंगावरची वस्तू सांभाळता आली नाही, तर ती रेल्वेच्या सेवेतली त्रुटी कशी, असे न्यायालयाने विचारले.

दुसरा मुद्दा दाव्याच्या खरेपणाचा. हरवलेल्या बॅगेत काय होते, हे फक्त तिच्या मालकाला माहीत असते. लग्नाला निघालेल्या घरच्या बॅगेत दागिने असणे स्वाभाविक आहे, पण प्रत्येक हरवलेल्या बॅगेत दागिने निघू लागले तर सरकारी तिजोरीने काय करायचे? आयोग पावत्या, फोटो, शपथपत्रे पाहतात आणि अनेकदा रक्कम कापून देतात. दुर्गच्या दाव्यात मागणीच्या निम्म्याच्या आसपासच पैसे मिळाले.

तिसरा मुद्दा माणसांचा. एका टीसीकडे दोन-तीन, कधी त्याहून जास्त डबे असतात. त्याला तिकिटे तपासायची असतात, रिकाम्या जागा वाटायच्या असतात, आरएसीचा तिढा सोडवायचा असतो. त्याला शिरजोर टोळक्याला डब्यातून खाली उतरवण्याचा अधिकार कायद्याने आहे, पण बळ नाही. त्याच्या हातात चार्ट असतो, लाठी नसते.

प्रवाशांचे म्हणणे

प्रवाशांच्या बाजूने मांडणी करणारे म्हणतात, आरक्षणाचे पैसे केवळ आडवे होण्याच्या फळीसाठी घेतलेले नाहीत. जनरल आणि आरक्षित डबा यांत फरक असतो तो हाच, की आरक्षित डब्यात कोण असावे हे रेल्वे ठरवते. मग जे तिथे नसावेत ते आत आले, तर तो दोष रेल्वेचा.

हे नुसते मत नाही, रेल्वेच्या स्वतःच्या नियमांत ते लिहिलेले आहे. शयनयान डब्यातल्या टीसीच्या कर्तव्यांच्या यादीत, गाडी चालू असताना डब्याची दारे बंद राहतील हे पाहणे आणि रात्री १० ते सकाळी ६ दरम्यान दोन डब्यांना जोडणारी दारे बंद ठेवून बाहेरच्यांना येऊ न देणे, ही कामे आहेत. प्रवाशाच्या बाजूने लागलेल्या बहुतेक निकालांत ही यादी वापरलेली दिसते. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आरक्षित डब्यात घुसलेल्या जमावाने प्रवाशांना मारहाण करून लुटल्याच्या प्रकरणात, रेल्वेला जबाबदार धरले होते. जानेवारी २०१६ मध्ये झाशी-ग्वाल्हेर दरम्यान मालवा एक्स्प्रेसच्या आरक्षित डब्यातून बॅग गेलेल्या प्रवाशाला दिल्लीच्या जिल्हा ग्राहक आयोगाने २०२४ मध्ये १ लाख ८ हजार रुपये मंजूर केले. तिथेही चोरी अनधिकृत माणसांनी केली असे म्हणणे होते. शिवाय तक्रार नोंदवण्यासाठी त्याला इकडून तिकडे फिरवले गेले, याचीही आयोगाने दखल घेतली.

सुरुवातीला सांगितलेल्या, नागपूरला निघालेल्या प्रवाशाच्या निकालाचा उलगडा इथे होतो. त्या प्रवाशाची तक्रार होती की अटेंडंट झोपला होता, उर्मट वागला आणि कंडक्टर सापडत नव्हता. उच्च न्यायालय म्हणाले, एवढे पुरेसे नाही. दार उघडे राहिले, त्यातून कोणी बाहेरचा आत आला आणि त्याने चोरी केली, असा आरोपच नाही. निष्काळजीपणा आणि चोरी यांना जोडणारा दुवा दाखवावा लागतो. दुर्गच्या दांपत्याकडे तो दुवा होता. डब्यात अनधिकृत माणसे शिरत असल्याचे त्यांचे म्हणणे टिकले. सामान साखळीने बांधलेले असल्याने प्रवाशाने आपल्यापरीने काळजी घेतली होती हेही दिसले. साखळी बांधलीच पाहिजे असा नियम नाही, पण वादाच्या वेळी ती साक्ष देते.

माझ्या मते निकालांची ही रांग वाटते तितकी विस्कळीत नाही. अंगावरच्या वस्तूची चोरी असेल तर प्रवासी हरतो. आरक्षित डब्यात बाहेरच्यांचा शिरकाव दाखवता आला तर तो बहुधा जिंकतो. घोटाळा मधल्या भागात आहे: आत आलेला कोण होता हे झोपलेल्या माणसाने सिद्ध कसे करायचे? तो झोपलेला होता म्हणून तर चोरी झाली. टीसी त्या वेळी कुठल्या डब्यात होता, दारे कोणी बंद केली, मधल्या स्टेशनवर कोण चढले, ही सगळी माहिती असलीच तर रेल्वेकडे असते. पुराव्याचे ओझे मात्र प्रवाशाच्या माथी आहे. चोरी रात्रीची आणि डबा आरक्षित असेल, तर निष्काळजीपणा नव्हता हे रेल्वेने दाखवावे, अशी सूचना अनेकदा होते. कायद्यात तसा बदल झालेला नाही.

पोलीस कोणाचे?

रेल्वेतली चोरी म्हटली की लोक खाकीतल्या कोणाहीकडे धाव घेतात आणि तिथेच अर्धा तास जातो. राज्यघटनेनुसार रेल्वे पोलीस हा राज्याचा विषय आहे. गुन्हा नोंदवून तपास करण्याचे काम राज्याच्या जीआरपीचे, म्हणजे आपल्याकडच्या लोहमार्ग पोलिसांचे. महाराष्ट्रात मुंबईला लोहमार्ग पोलिसांचे वेगळे आयुक्तालय आहे. आरपीएफ हे केंद्राचे दल. १९५७ च्या कायद्याने ते रेल्वेच्या मालमत्तेच्या रक्षणासाठी उभे राहिले. २००३ च्या दुरुस्तीने प्रवाशांची सुरक्षाही त्याच्या कामात आली, पण प्रवाशाच्या सामानाच्या चोरीचा तपास त्याच्याकडे आला नाही. गाडीत बंदोबस्ताला आरपीएफ दिसते आणि गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे जातो. आरपीएफला तपासाचे अधिकार द्यावेत की राज्यांचा अधिकार अबाधित ठेवावा, यावर केंद्र आणि राज्ये यांचे जुने मतभेद आहेत.

हद्दीचा त्रास त्याहून मोठा. रात्री भुसावळला झोपलेला माणूस सकाळी कल्याणला जागा होतो. चोरी कुठे झाली? पूर्वी प्रत्येक ठाणे दुसऱ्याकडे बोट दाखवी. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने हद्दीचा विचार न करता गुन्हा नोंदवणे आणि इलेक्ट्रॉनिक पद्धतीने खबर देणे या दोन्हींना कायद्याचा आधार दिला. इलेक्ट्रॉनिक खबरीवर तीन दिवसांत सही करावी लागते. चालत्या गाडीत टीसी, गार्ड किंवा बंदोबस्तावरच्या पोलिसाकडे तक्रारीचा छापील अर्ज मिळतो. तो भरून दिला की पुढच्या ठाण्यावर पोचवणे त्यांचे काम. १३९ या क्रमांकावर सुरक्षेच्या तक्रारीही घेतल्या जातात. आधीचा वेगळा १८२ क्रमांक त्यातच सामावून घेतला गेला. या सोयी कागदावर चांगल्या आहेत. ग्राहक आयोगापुढे त्यांचे महत्त्व दुहेरी आहे, कारण वेळेवर नोंदलेली तक्रार हाच बहुतेक दाव्यांचा पाया असतो.

नव्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०५ खाली वाहनातून प्रवाशाच्या वस्तूची चोरी ही घरातल्या चोरीच्या रांगेत बसवली आहे; शिक्षा सात वर्षांपर्यंत. हिसकावून नेणे हा कलम ३०४ खाली वेगळा गुन्हा झाला. लोकलच्या दारात उभ्या माणसाच्या हातावर काठी मारून मोबाइल पाडणाऱ्या मुंबईच्या फटका टोळ्यांनी या प्रकाराची ओळख शहराला फार आधीच करून दिली होती.

साखळी, कुलूप, कॅमेरा

खालच्या बर्थखाली कड्या असतात. त्यांतून साखळी ओवून बॅग अडकवायची, ही भारतीय प्रवाशाची सर्वांत जुनी आणि स्वस्त विमा पॉलिसी. उत्तरेच्या फलाटांवर चेन-ताला विकणारे अजून भेटतात. साखळी बॅग उचलून नेणे अवघड करते, बॅगेतली वस्तू वाचवत नाही. झिपची बॅग बॉलपेनच्या टोकाने उसवता येते आणि सरक फिरवून पुन्हा बंदही करता येते. कुलूप जागच्या जागी राहते. विमानप्रवासातल्या टीएसए कुलपांची कथा तर आणखी बोलकी आहे. अमेरिकेत तपासणी यंत्रणेला सगळ्या बॅगा उघडता याव्यात म्हणून या कुलपांच्या मास्टर किल्ल्या ठेवल्या गेल्या. त्या किल्ल्यांचे छायाचित्र एका वृत्तपत्रात छापून आले आणि २०१५ मध्ये त्यावरून थ्रीडी प्रिंटरवर किल्ल्या काढण्याच्या फाइली इंटरनेटवर फिरू लागल्या.

२०२१ पासून एअरटॅगसारखी बिल्ल्याएवढी साधने आली. बॅग कुठे आहे ते ती सांगतात, पण परत आणून देत नाहीत. फोनवर दिसणारा ठिपका घेऊन ठाण्यात गेल्यावर पोलिसांनी त्यावर कितपत धावायचे, याची पक्की पद्धत अजून बसलेली नाही.

जुलै २०२५ मध्ये रेल्वेने सुमारे ७४,००० डबे आणि १५,००० इंजिनांत कॅमेरे बसवण्याचे जाहीर केले. डब्यात चार, म्हणजे प्रत्येक प्रवेशद्वारापाशी दोन. प्रवाशांच्या खासगीपणाचा विचार करून ते दारापाशी आणि ये-जा करण्याच्या जागी ठेवायचे आहेत, बर्थवर रोखायचे नाहीत. वर सांगितलेल्या वादाचा विचार करता ही जागा नेमकी निवडलेली आहे. बॅग कोणी उचलली हे कदाचित दिसणार नाही, पण रात्री दारातून कोण आत आले हे दिसेल आणि न्यायालये विचारतात ते हेच. फुटेज किती दिवस जपायचे, प्रवाशाला किंवा त्याच्या वकिलाला ते मागता येईल का आणि ते हरवले तर दोष कोणाचा, या प्रश्नांची उत्तरे कॅमेऱ्यांच्या संख्येइतकीच महत्त्वाची ठरतील.

विम्याबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. आयआरसीटीसीवर तिकीट काढताना काही पैशांत मिळणारा २०१६ पासूनचा ऐच्छिक विमा मृत्यू, अपंगत्व आणि उपचारांसाठी आहे. चोरीला गेलेल्या बॅगेसाठी नाही.

विमानाचा दाखला

विमान कंपन्या भरपाई देतात, मग रेल्वे का नाही, असे विचारले जाते. तुलना अर्धवट आहे. मॉन्ट्रियल करारानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात कंपनीकडे सोपवलेल्या बॅगेची जबाबदारी कंपनीवर आहे, चूक सिद्ध करायची गरज नाही. या भरपाईची मर्यादा डिसेंबर २०२४ अखेरीस १,२८८ वरून १,५१९ एसडीआरवर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) गेली, म्हणजे साधारण पावणेदोन लाख रुपये. पण त्याच करारात, प्रवाशाने स्वतःजवळ ठेवलेल्या सामानासाठी कंपनीची चूक असावी लागते. हातातल्या बॅगेबाबत विमानाचे आणि रेल्वेचे कायदे जवळपास एकाच ओळीत उभे आहेत. फरक आहे तो सोपवलेल्या सामानात. विमानात बॅग सोपवणे बहुधा तिकिटात धरलेले असते आणि भरपाईची मर्यादा माणसाला पुरेशी वाटेल अशी असते; रेल्वेत सामान नोंदवायला पार्सल ऑफिसच्या खिडकीवर आधी पोचावे लागते आणि भरपाई किलोमागे १०० रुपये. रेल्वेने ही सोय खरोखर वापरण्याजोगी केली आणि मर्यादा काळाप्रमाणे वाढवली, तर हातातल्या सामानावरचा वाद बराच निवळेल, असे म्हणणारे आहेत. स्लीपरच्या ४० किलो मोफत मर्यादेत सगळे बर्थखाली कोंबणारा प्रवासी ते करील का, हा भाग वेगळा.

जनरल डबा

इथवर आलेले जवळजवळ सगळे निकाल आरक्षित डब्यातले आहेत. भरपाई मिळवून देणारा युक्तिवाद एकच: ज्याला हक्क नव्हता तो आत आला आणि रेल्वेने त्याला अडवले नाही. जनरल डब्यात तिकीट असलेल्या प्रत्येकाला आत येण्याचा हक्क आहे. तिथे चार्ट नाही, डब्यात बसून राहणारा टीसी नाही, रात्री १० ला बंद करायचे दारही माणसांनी भरलेले असते. कलम १०० मध्ये आरक्षित आणि अनारक्षित असा भेद नाही, पण निष्काळजीपणाचा जो पुरावा न्यायालये मागतात, तो या डब्यात उभाच राहू शकत नाही. छठपूजेला, होळीला, उन्हाळ्याच्या सुट्टीत कमाई खिशात आणि पिशवीत घेऊन गावी निघालेला कामगार याच डब्यात असतो. त्याच्यासाठी रेल्वेचे कर्तव्य नेमके कोणते मानायचे, फलाटावर रांग लावण्याचे, डब्यात पोलीस ठेवण्याचे की प्रवाशांची संख्या आवरण्याचे, यावर ना आयोगांनी तपशिलात बोट ठेवले आहे, ना कायद्याने.